मिशीवाली बाई

श्रीमंताघरी माणूस साधा मरत नाही. आपल्याकडे म्हातारा गेला की गेला. शेजारीपाजारी जमतात, रडणारे रडतात, संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं. तळ्याकाठच्या त्या बंगल्यात थोरले मालक गेले तेव्हा पहिला फोन वकिलाला झाला. दुसरा झाला बंगला विकत घ्यायला टपून बसलेल्या हॉटेलवाल्याला. डॉक्टरांची आठवण त्यानंतर आली, तीही दाखला हवा म्हणून. नेमके डॉक्टर म्हातारे आणि हेकट निघाले. त्यांनी पेल्याच्या तळाशी उरलेलं दूध पाहिलं, मयताच्या पापण्या उघडून पाहिल्या, आणि दाखला लिहायचा सोडून आमच्या ठाण्यात फोन केला. दुधात झोपेच्या गोळ्या कुटून घातलेल्या होत्या, माणसाला कायमचं झोपवायला पुरतील इतक्या.

मी त्या ठाण्यात हवालदार होतो. अक्षर वळणदार, म्हणून लोकांचे खोटे जबाब सुंदर अक्षरात उतरवून घेण्याचं काम जन्मभर माझ्याच गळ्यात पडलं. पण ही हकीकत माझी नाही, आणि त्या बंगल्यातल्या लोकांची तर मुळीच नाही. त्यांच्यावर शाई नासावी एवढी त्यांची लायकी नव्हती. हकीकत आहे आमच्या गल्लीतल्या लवंगीची.

लवंगी हे नाव गल्लीनं ठेवलेलं. बाई त्या जातीच्या मिरचीसारखीच होती, दिसायला चिमूटभर आणि वाटेला जाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारी. लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करायचं, हा तिचा धंदा. कूस बदलायची, अंग पुसायचं, भांडं द्यायचं, ते धुऊन आणायचं, घास भरवायचा, तो अंगावर उडाला की पुन्हा पुसायचं. हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. "आजोबा, आ करा. लाड करायला तुमची आई बसलेली नाही इथं." आणि मजा अशी की आजोबा आ करायचे. स्वतःच्या मुलांसमोर दात आवळून बसणारे म्हातारे लवंगीच्या शिव्या खात खात वाटीभर पेज संपवत.

पेशंटांवर तिचा राग नव्हता. राग होता तो त्यांच्या पोराबाळांवर. "दारातून विचारतात, 'बाबा, बरं आहे ना?' आणि बाबांचं तोंड उघडायच्या आत जिना उतरून मोकळे. नाकाला रुमाल! अरे, याच बापानं तुझं ढुंगण धुतलं ना लहानपणी, तेव्हा त्यानं लावला होता का रुमाल?" असं ती नळावर बसून सगळ्या गल्लीला ऐकवायची, आणि गल्लीतले मुलगे आपापल्या आईबापांना दोन दिवस जरा बरं वागवायचे.

तिचा नवरा म्हणजे ड्रेसर. सरकारी दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधण्यात त्याची उभी हयात गेली, म्हणून ते नाव. निवृत्त झाला तरी दवाखान्याचा पांढरा डगला अंगातून निघाला नाही. हाडांचा सापळा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, एका डोळ्यात मोतीबिंदू. देवानं त्याला हात राखून सगळं दिलं, मिशी तेवढी सढळ हातानं दिली होती. खिशात छोटा कंगवा असे आणि तो डोक्यासाठी नव्हता. लवंगीचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "यांना मीठ आण म्हटलं तर धुण्याचा सोडा आणतील," असं ती त्याच्यादेखत सांगे, आणि तो मिशीवरून कंगवा फिरवत ऐकून घेई.

या जोडप्याची एक रीत होती. लवंगी आजारी पडली की तिच्या जागी ड्रेसर जायचा. कामाला सुट्टी दिली तर घरवाले दुसरी बाई शोधतात, ही त्यामागची भीती. लहान घरांतून ते सांगूनसवरून चाले. बंगल्यात सांगायची गरजच नव्हती, कारण सांगणार कोणाला?

तो बंगला असा होता. पुढचा जिना घरच्यांचा, मागचा नोकरांचा. थोरले मालक आजारी पडल्यावर त्यांची तळ्याकडची मोठी खोली थोरल्या सुनेनं घेतली आणि म्हाताऱ्याला मागच्या जिन्याच्या टोकाला, जुन्या ट्रंका ठेवायच्या खोलीत हलवलं. उजेडानं त्यांचे डोळे दुखत म्हणून पडदे कायम ओढलेले. थोरली सून वर्षभर तिथंच असायची, बाकीची मंडळी शहरातून सुट्टीला यायची. सगळी खाली बसून तळं बघायची आणि म्हातारा बंगला विकू देत नाही म्हणून एकमेकांपाशी कुढायची. "मी मरेन तो इथंच," असं म्हाताऱ्यानं सांगून ठेवलं होतं. काम करणाऱ्या सगळ्या बायकांना त्या घरात एकच नाव होतं, बाई. कपडे धुणारी बाई, झाडणारी बाई, म्हाताऱ्याची बाई. नाव विचारायचं म्हणजे तोंडाकडे बघावं लागतं, ती तोशीस त्यांनी कधी घेतली नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची गंमत नीट कळेल. ज्या शनिवारी म्हातारा गेला त्या दिवशी लवंगी तापानं फणफणून घरी पडली होती. बंगल्यात गेला होता ड्रेसर. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, आमच्या साहेबांना नव्हतं, आणि बंगल्यातल्या मंडळींना तर नव्हतंच नव्हतं.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात जबाब घेतले. आमचे साहेब सोफ्याच्या इतक्या काठावर बसले होते की मला सारखं वाटे, आता हे घसरणार. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला. गरिबाला 'ए' म्हणणारा हा माणूस त्या दिवाणखान्यात शिरल्यापासून मांजरासारखा मऊ झाला होता.

थोरली सून बोलायला लागली. रडून झालं होतं की व्हायचं होतं ते काही कळेना. डोळे कोरडे आणि रुमाल मात्र हातात. म्हणाली, "मी जिन्यापाशी उभी होते. बाई दुधाचा पेला घेऊन चालली होती. निळा एप्रन, गळ्यात ती लाल मण्यांची माळ. मध्येच थांबली, मागं वळून पाहिलं, खिशातून पुडी काढली आणि दुधात टाकली. मला स्पष्ट दिसलं."

साहेब म्हणाले, "वा, बाईसाहेब! काय निरीक्षण आहे!"

थोरला मुलगा म्हणाला, "मी तर तिला हटकलंसुद्धा. म्हटलं, बाई, काय टाकलंत? तर म्हणाली, साखर. चेहऱ्यावर असा काही भाव होता ना, की काय सांगू!"

मग धाकटा. हा अकरा वाजता उठलेला, तोंडावर अजून उशीच्या सुरकुत्या. म्हणाला, "मलाही तसंच दिसलं."

"तसंच म्हणजे कसं?" मी विचारलं, कारण मला ते लिहायचं होतं.

"म्हणजे... वहिनींनी सांगितलं तसं."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं लिहिलं. "पण तिनं असं का करावं?" असं त्यांनी एकदा कर्तव्य म्हणून विचारलं. थोरल्यानं खांदे उडवले. "बाबा बोलले असतील काहीतरी. या लोकांचा काय नेम, साहेब? दोन गोड शब्द बोललं की डोक्यावर बसतात, एक कडू बोललं की जिवावर उठतात." साहेबांनी मान डोलावली. 'या लोकांत' आपला बापही जमा होता, हे ते बहुधा विसरले असावेत. मी विसरलो नव्हतो. त्यांच्या बापाची केस कापायची टपरी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होती.

जीप पाठवून लवंगीला आणलं. ताप उतरला नव्हता, अंगावर जाडी शाल, शालीतून ती लाल माळ डोकावत होती. आल्या आल्या ती साहेबांवर तोंड टाकणार एवढ्यात साहेबांनी सांगितलं, "काल दुधातून म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. म्हातारा मेला. काल त्याच्याजवळ कोण होतं?"

तिचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मी लवंगीला लहानपणापासून ओळखतो. तिला शब्द सापडत नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शालीचं टोक मुठीत आवळून ती म्हणाली, "मी होते."

"दूध कोणी पाजलं?"

"मीच."

"गोळ्या तू घातल्यास?"

"मुद्दाम नाही हो साहेब. चुकून पडल्या असतील. डोळ्यांना हल्ली नीट दिसत नाही माझ्या."

माझा पेन थबकला. हिला दिसत नाही? गल्लीच्या त्या टोकाला दूधवाल्याच्या मापात पडलेली माशी या टोकावरून दिसते हिला! पण दिसत कोणाला नाही ते मला ठाऊक होतं, आणि मग बाकीचंही हळूहळू ध्यानात आलं. त्या पोरीएवढ्या बाईला वाटत होतं की आपल्या नवऱ्यानं मोतीबिंदूच्या डोळ्यानं औषधांचा घोळ घातला, आणि एक माणूस मेला. जन्मभर त्याला वेंधळा म्हणत आली होती, आता त्याच वेंधळेपणापायी त्याला फास लागणार म्हणून ती स्वतःची मान पुढं करत होती. मला तिचा इतका राग आला की उठून थोबाडीत मारावीशी वाटली, आणि रडूही आलं.

थोरल्या सुनेनं निःश्वास सोडला. "बघा, कबूल केलं ना! मी म्हटलंच होतं." साहेबांनी कप खाली ठेवला आणि बेडीसाठी मला खूण केली.

तेवढ्यात बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला. रखवालदार ओरडत होता, "अहो, मागच्या दारानं! मागच्या दारानं!" आणि पुढच्या दारानं ड्रेसर आत आला. पांढरा डगला, गुडघे वाकलेले, धाप लागलेली. मिशी मात्र विंचरलेली.

"हिला सोडा," तो म्हणाला. "काल मी होतो इथं."

"तुम्ही गप्प बसा!" लवंगी कडाडली. "साहेब, यांना काही कळत नाही. काल घरी झोपले होते हे."

"मी झोपलो होतो? तू झोपली होतीस! तुझ्या डोक्यावरची ओली घडी कोणी बदलली सकाळी?"

"बदलली ती परवा!"

"परवा तुला ताप कुठं होता?"

खुनाचा आरोप आपल्याच अंगावर यावा म्हणून दोघं नवराबायको त्या दिवाणखान्यात नळावर भांडावं तशी भांडायला लागली. असं भांडण मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही. लोक एकमेकांवर ढकलतात. ही दोघं एकमेकांकडून ओढून घेत होती. शेवटी साहेबांनी आचाऱ्याला बोलावलं. आचारी म्हणाला, "काल हेच आले होते मागच्या दारानं. दोनदा चहा मागितला. मावशी आल्याच नाहीत. मला वाटलं घरात ठाऊक असेल." घरच्या तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली. निळा एप्रन, लाल माळ, चेहऱ्यावरचा तो भाव, सगळं मी सुंदर अक्षरात लिहून ठेवलेलं होतं आणि त्याखाली त्यांच्या सह्या होत्या.

पण साहेबांची निष्ठा मोठी. ते म्हणाले, "अंधाऱ्या जिन्यात होतो असा घोटाळा. बाई नाही तर हा. काय रे, दूध तू नेलंस ना वर?"

"नाही साहेब. माझे गुडघे बघताय ना? एकदा जिना चढलो की संध्याकाळीच उतरतो मी. चहासुद्धा वरूनच ओरडून मागितला."

आचारी म्हणाला, "खरं आहे. चहा मीच वर पोचवला. दूध तापवून मी टेबलावर ठेवलं होतं, परसातून येऊन बघतो तर पेला नव्हता. म्हटलं, नेला असेल कोणीतरी."

"मग वर आलं कसं दूध? पाय फुटले त्याला?"

ड्रेसर म्हणाला, "दारातून आलं. दार फटीएवढं उघडलं आणि पेल्यासकट हात आत आला. बाईमाणसाचा हात. तोंड दिसलं नाही, तिकडं वळवलेलं होतं, नाकाला रुमाल. म्हणाली, 'बाई, हे पाजा. थेंबभर ठेवू नका.' मी घेतला पेला. या घरात मला सगळे बाईच म्हणतात, त्याचं काय एवढं! म्हाताऱ्याला पाजलं." इथं त्यानं लवंगीकडे पाहिलं. "मीच पाजलं साहेब. कडू लागतंय म्हणत होता, मी म्हटलं, प्या, नाटकं करू नका. हिच्यासारखं बोलायला गेलो."

लवंगी खालीच बसली. नवऱ्यानं घोळ घातलेला नाही, एवढंच तिच्या कानात शिरलं होतं. बाकी जग बुडालं तरी चालणार होतं.

आणि मग आमच्या साहेबांनी त्यांच्या नोकरीतलं एकमेव मोठं काम केलं. तेही चुकून. बड्या लोकांचं मन हलकं करावं, या हेतूनं ते थोरल्या सुनेकडे वळून मोठ्यांदा हसले. "ऐकलंत का बाईसाहेब, याची थाप? एवढ्या झुडपाएवढ्या मिशीला कोण बाई म्हणेल? अशी आंधळी आणि अक्कलशून्य बाई या घरात कोण असणार?"

आचारी हसला. दारातला रखवालदार हसला. मीही हसलो. थोरल्या सुनेचा चेहरा लालभडक झाला. त्या बाईला खुनी म्हटलं असतं तर तिनं वकील बोलावला असता, पण नोकरांसमोर अक्कलशून्य म्हटलेलं तिला सोसवेना.

"मी काही आंधळी नाही!" ती ओरडली. "मी पेला दिला तेव्हा घेणारा हात बाईचाच होता! एवढी मिशी मला दिसली नसती?"

साहेबांचं हसू तोंडावर तसंच थिजलं होतं. मग थोरला दात चावून "मूर्ख!" एवढंच म्हणाला, त्या सकाळपासून त्या घरातल्या कोणी मनापासून बोललेला तो पहिला शब्द. धाकटा अजून पुरता जागा झाला नसावा, कारण तो म्हणाला, "वहिनी, पण आपलं ठरलं होतं ना, पेला तुम्ही नेलात हे बोलायचं नाही..." आणि मग त्यालाही जाग आली.

मी लिहून घेतलं. माझं अक्षर इतकं सुरेख त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही. साहेबांना पुढं बढती मिळाली. 'अत्यंत चातुर्यानं आरोपीस बोलतं केलं' असं वर्तमानपत्रात छापून आलं, आणि ते कात्रण त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

त्या दिवशी लवंगी आणि ड्रेसर जीपमध्ये बसायला तयार होईनात. तो सायकल हातात धरून चालला, ती शाल गुंडाळून बाजूनं, आणि मी मागं. तळं मागं पडलं. मग तो म्हणाला, "तुला खरंच वाटलं, मी गोळ्या चुकवल्या?"

"वाटलं नाही. भीती वाटली."

"जन्मभर औषधंच हाताळली मी. आणि म्हणून तू फासावर जायला निघालीस?"

"मग काय तुम्हाला धाडू? तुरुंगात तुमचं कोण करणार? मीठ नि सोडा तरी कळतो का?"

त्यानं सायकल थांबवली, खिशातून कंगवा काढला आणि मिशीवरून फिरवत बसला. डोळे पुसले असते तर तिला दिसलं असतं.

खटला उभा राहिला. थोरल्या सुनेच्या वकिलानं शक्कल लढवली, की पेला दिला तो सुनेनं सासऱ्याच्या प्रेमापोटी दिला आणि गोळ्या नंतर बाईनं घातल्या. त्या दिवशी बाईच आली होती, आता नवऱ्याला पुढं करून लपली आहे. सून पिंजऱ्यात उभी राहून हुंदके देत म्हणाली, "वर्षभर होती ती आमच्याकडे. रोज भेटायची. अगदी घरच्यासारखी वागवली तिला, आणि तिनं असे पांग फेडले!"

सरकारी वकील उठला. म्हणाला, "ती घरच्यासारखी बाई या खोलीत बसली आहे. एवढी ओळख आहे, तर जरा बोट करून दाखवा."

लवंगी अगदी पुढच्या बाकावर होती. कोर्टात यायचं म्हणून एप्रन घातला नव्हता, माळ काढून ठेवली होती, केस नीट बांधले होते. सुनेची नजर तिच्या तोंडावरून गेली, पुढं सरकली, परत आली, पुन्हा पुढं गेली. तिचा वकील कपाळाला हात लावून बसला. शेवटी तिनं बोट केलं. कोपऱ्यात बसून कोर्टाचं टंकलेखन करणाऱ्या बाईकडे. तिच्या अंगात निळा झगा होता.

लोक खदखदून हसले. न्यायाधीशांनी हातोडा आपटला. मला वाटलं, आता लवंगी उठणार आणि त्या पिंजऱ्याला आग लावणार. ती उठली नाही. कोर्टातून बाहेर आल्यावर पायरीवर बसली, ड्रेसरनं पाणी आणून दिलं ते प्याली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हाताऱ्याचं भांडं धुवायला मी रोज दिवाणखान्याच्या दारावरून जायची हो. रोज. ती तिथंच बसलेली असायची."